फाटकाचे चॅनल

डिसेंबर लागला की पहाटे खिडकीच्या गजांना हात लावणे नकोसे होते. टेकडीच्या पायथ्याशी कोणीतरी पालापाचोळा पेटवलेला असतो आणि 'येथे पाला जाळू नये' असे सांगणारा फलक त्याच धुरात निमूटपणे उभा असतो. याच सुमारास आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर दोन सूचना येतात. पहिली अशी की, येत्या शनिवारपासून गच्चीवर हिवाळी चित्रपटमाला सुरू होत असून यंदाचा विषय 'संकट, सत्ता आणि माणूस' असा आहे. सर्वांनी शाली घेऊन यावे. दुसरी अशी की, ज्या पाहुण्याचे छायाचित्र व कारण मोबाईलवर आधी नोंदवलेले नसेल त्यास फाटकातून आत सोडले जाणार नाही. दोन्ही सूचना एकाच गृहस्थाने, एकामागोमाग एक, सारख्याच उत्साहाने टाकलेल्या असतात आणि दोन्हींखाली तीच मंडळी जोडलेल्या हातांची तीच चित्रे टाकतात. मी यावर दर वर्षी लेखी हरकत घेतो. दर वर्षी मला जोडलेले हात मिळतात.

या दोन सूचना शेजारी शेजारी वाचल्या की मला तो जुना हिवाळा आठवतो. कर्वेनगर तेव्हा नुकतेच बदलू लागले होते. हिंजवडीला काचेच्या इमारती उठत होत्या आणि त्यांचे वेळापत्रक अमेरिकेतल्या सूर्यावर चालत असे. आमच्या इमारतीतल्या निम्म्या सदनिकांचे मालक समुद्रापार होते आणि त्यांच्या घरांत अकोल्याची, लातूरची, जळगावची मुले-मुली भाड्याने राहत होती. त्यांना सोडायला पांढऱ्या गाड्या येत. त्या गाड्यांची दारे सरकवण्याचा आवाज आणि दूधवाल्याच्या कॅनचा आवाज एकाच वेळी कानी पडे. एका पिढीचा दिवस संपे तेव्हा दुसरीचा पहिला चहा उकळत असे. या योगायोगाचा पुढे जो उपयोग झाला, त्याचाच हा संताप आहे.

चित्रपट दाखवण्याची कल्पना जोगळेकरांची. ते महाविद्यालयातून निवृत्त झालेले प्राध्यापक, सोसायटीचे चिटणीस, आणि बोलण्यात असे की ऐकणाऱ्याला आपण उगाचच सुशिक्षित झालो असे वाटावे. मी सहकार खात्यात आयुष्य काढलेला माणूस; मला उपविधी आणि इतिवृत्ते यांपलीकडे वाङ्मय ठाऊक नव्हते. तरीही मी एकही शनिवार चुकवला नाही. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची भिंत चुना लावून पांढरी केलेली होती. तिच्यासमोर सतरंज्या, मागे गुडघे दुखणाऱ्यांसाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कानांवर माकडटोप्या, आणि मध्यंतरात जोगळेकरांच्या पत्नी मालतीबाई स्टीलच्या पिंपातून जायफळ घातलेली कॉफी देत. त्या कधी चित्रपटाबद्दल बोलत नसत. कॉफी ओतताना कप पुढे करणाऱ्याचा चेहराही त्या पाहत नसत. कप तेवढा पाहत.

चित्रपट परदेशी असत. त्यांची नावे मी देत नाही, कारण जोगळेकर ती आत्मविश्वासाने चुकीची उच्चारत आणि मी ती तितक्याच आत्मविश्वासाने चुकीची लिहीन. एकात बर्फाचा कडा कोसळून सारे गाव अडकते आणि गावातल्या एकमेव पावभट्टीच्या मालकिणीला रोज ठरवावे लागते की आज पाव कोणाला द्यायचा. एकात साथ पसरलेले जहाज कोणत्याच बंदरात घेतले जात नाही. धरण फुटल्याचा एक चित्रपट होता. त्या शनिवारी तर मध्यंतरानंतर कोणी पडद्याकडे पाहिलेच नाही, कारण गच्चीवरच्या प्रत्येक साठीपुढच्या माणसाला स्वतःचा पानशेतचा पूर सांगायचा होता. जोगळेकरांचे बालपण कसबा पेठेतले. त्यांनी उभे राहून सांगितले, "पाणी चढलं तेव्हा आमच्या माळ्यावर कोण कोण होतं, विचारू नका. कुणी कुणाला आडनाव विचारलं नाही." सगळे गहिवरले. माझी पत्नी सुमती माझ्या कानाशी म्हणाली, "आडनाव न विचारायला धरण फुटावं लागतं, असं म्हणायचंय का यांना?" मी तिला गप्प केले. चित्रपट चालू असताना बोलू नये, असा आमच्या मंडळाचा नियम होता.

आता कॅमेऱ्याकडे येतो. त्या वर्षी दिवाळीच्या आधी सोसायटीच्या फाटकावर कॅमेरा बसला. त्याला माझी हरकत नव्हती. ठराव रीतसर झाला होता. हरकत पुढच्या गोष्टीला होती. कॅमेरा बसवणारा आणि केबलवाला हे एकमेकांचे मेहुणे निघाले. त्यांनी सुचवले की, फाटकाचे चित्र थेट केबलवर सोडता येईल. घरोघरी टीव्हीवर एक चॅनल लावले की दारात कोण उभे आहे ते दिसेल, गॅसवाला आला की नाही हे पाहायला खिडकीपर्यंत जायला नको. समितीने हे विनाचर्चा मान्य केले. इतिवृत्तात 'सभासदांच्या सोयीकरिता' असे शब्द आहेत. सोयीकरिता या शब्दाइतका धोकादायक शब्द मी उभ्या नोकरीत पाहिलेला नाही.

ते चॅनल पाहिलेला माणूसच त्याची चटक समजू शकेल. निळसर, मुके, किंचित थरथरणारे चित्र. फाटक, पहारेकऱ्याची खुर्ची, तिच्याखाली झोपलेला कुत्रा. वरून पाहिल्यामुळे माणसे म्हणजे केवळ डोकी. माझ्या डोक्याचे मागून नेमके काय झाले आहे हे मला त्या चॅनलमुळे कळले, आणि माझ्याआधी ते सर्व इमारतीला कळलेले होते. पहिले काही दिवस लोक हसले. मग मालिकांच्या जाहिरातींमध्ये फाटक लावू लागले. मग फाटक पाहताना मालिका चुकली तरी चालू लागले. कोणाची मोलकरीण उशिरा आली, कोणाचा मुलगा खांबाआड सिगारेट ओढतो, कोणी मंडईतून पिशव्या आणल्या आणि कोणी मॉलमधून, हे सारे जिन्यात सहज बोलले जाऊ लागले. "आज तीन तीन पिशव्या, गायकवाडसाहेब? पाहुणे का?" असे मला फाटकापासून माझ्या दारापर्यंत पोचेतो तीन जणांनी विचारलेले आहे.

सुरक्षेचे म्हणाल, तर त्या हिवाळ्यात एकच चोरी झाली. भर दुपारी एका नीटनेटका शर्ट घातलेल्या गृहस्थाने फाटकाशी लावलेली सायकल घेतली, तिची हवा पाहिली, आणि निघून गेला. निदान चार घरांनी ते पाहिले होते. कोणालाही संशय आला नाही. शर्टाला इस्त्री होती ना.

मी पत्रे लिहिली. पहिल्या पत्राचा विषय होता : 'फाटकावरील चित्रण घरोघरी दाखविण्याच्या औचित्याबाबत.' त्यात मी विचारले होते की, फाटकावर लक्ष ठेवण्याचा अधिकार समितीने पहारेकऱ्याला दिला आहे की सर्व सभासदांना. आणि सर्वांना दिला असल्यास, ज्यांच्यावर लक्ष ठेवले जाते त्यांची संमती कोणी, कधी व कोणत्या ठरावाने घेतली. उत्तर आले : 'आपले पत्र मिळाले. नोंद घेण्यात आली.' दुसऱ्या पत्राला तेच उत्तर. तिसरे पत्र मी एका वृत्तपत्राच्या वाचकांच्या सदराला पाठवले. त्यांनी त्याच्या मधल्या दोन ओळी छापल्या आणि वर मथळा दिला, 'कॅमेरे ही काळाची गरज'. जोगळेकरांनी ते कात्रण सूचनाफलकावर लावले आणि भेटल्यावर म्हणाले, "छान लिहिलंत. मला वाटलं होतं तुम्ही विरोधात आहात."

आमच्या वरच्या मजल्यावर प्रणिता नावाची मुलगी दिवाळीनंतर राहायला आली. अकोल्याची, संगणक कंपनीत नोकरी, कामाची पाळी अमेरिकेच्या वेळेची. पहाट उजळताना ती पांढऱ्या गाडीतून उतरे. कधीकधी तिच्याबरोबर राखाडी शर्ट घालणारा एक तरुण येई, तासाभराने जाई. त्या तरुणाचे आणि तिचे नाते काय होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, आज ठाऊक नाही, आणि वाचकालाही मी ते सांगणार नाही. कारण विचारण्याचा अधिकार ना मला होता, ना वाचकाला आहे. तिचा भाडेकरार नोंदवलेला होता, पोलीस ठाण्यात माहिती दिलेली होती, सोसायटीचे शुल्क मालक वेळेवर भरत होता. कायद्याच्या दृष्टीने ती आमच्या निम्म्या सभासदांपेक्षा स्वच्छ होती.

एके दिवशी संध्याकाळी ती कामाला निघण्यापूर्वी आमच्याकडे आली. सुमतीने तिला कधीमधी थालीपीठ वगैरे दिलेले, तेवढी ओळख. दारातच म्हणाली, "काकू, एक विचारू? लिफ्टमध्ये एक काकू म्हणाल्या, काल पिशवीत एवढं काय होतं. दुसऱ्या म्हणाल्या, तुझा तो मित्र आज आला नाही वाटतं. यांना कसं कळतं सगळं? मी येते तेव्हा बाहेर कुणीच नसतं."

"तुझ्याकडे टीव्ही नाही ना?" सुमतीने विचारले.

"नाही. लॅपटॉप आहे. का?"

सुमतीने रिमोट उचलला आणि ते चॅनल लावले. फाटक दिसले. खुर्ची, कुत्रा, दिव्याचा पिवळा डाग. प्रणिता पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

"हे लाइव्ह आहे?"

"हो."

"सगळ्यांकडे दिसतं?"

"केबल आहे त्या सगळ्यांकडे."

तिने पडद्यावरच्या फाटकाशी बोट टेकवले. मग हळू म्हणाली, "मी तिथे रोज केस सोडते. कॅबमधून उतरल्यावर. क्लिप रात्रभर टोचते ना, म्हणून. मग असे हात वर करून आळस देते. मला वाटायचं, अख्ख्या दिवसातला तेवढं एकच मिनिट माझं आहे."

मला आमच्या इमारतीतली सकाळ डोळ्यांसमोर दिसली. प्रत्येक दिवाणखान्यात कपबशी, वर्तमानपत्राची घडी, आणि निळसर उजेडात केस सोडणारी ही मुलगी.

माझ्या संतापाला एक जुने मूळ आहे, ते सांगणे प्राप्त आहे. माझ्या वडिलांच्या गावात कोण कोणत्या वाटेने गेला, कोणाची सावली कोठे पडली, कोणाच्या बायकोने नवे लुगडे नेसले, याची नोंद ठेवायला कॅमेरा लागत नसे. अख्ख्या गावाचे डोळे आमच्या वस्तीकडे लागलेले असत. छप्पन्न साली वडिलांनी धम्म स्वीकारला आणि पुढच्याच वर्षी पुण्याला येऊन कारखान्यात लागले. पगारापेक्षाही त्यांना या शहराचे एका गोष्टीसाठी अप्रूप होते. ते म्हणत, "इथं रस्त्यानं गेलं तर कुणी वळून बघत नाही." खोली शोधताना पुष्कळांनी वळून पाहिले, ते निराळे. पण सायंकाळी नव्या चपला घालून, केस विंचरून, कोणत्याही कामाशिवाय रस्त्याने चालत जाणे हा त्यांचा एकमेव छंद होता. त्यांना हे शहर आवडले, कारण ते त्यांच्याकडे पाहत नव्हते. मी त्याच शहरात, स्वतःच्या मालकीच्या घरात, तेच गाव केबलवर आणलेले पाहत होतो.

पुढल्या शनिवारचा चित्रपट एका ट्रामच्या वाहकावर होता. राजवट त्याला हुकूम देते की प्रवासी काय बोलतात ते रोज लिहून द्यायचे. तो लिहीत जातो. सुरुवातीला हवापाण्याबद्दल, नंतर कोण रडत होते याबद्दल, शेवटी स्वतःच्या बहिणीबद्दल. जोगळेकरांनी प्रास्ताविक केले. "मित्रहो, पाहणारा डोळा नेहमी सांगतो की मी तुमच्या भल्यासाठी उघडा आहे. त्यावर आपण विश्वास ठेवतो, त्या क्षणी हुकूमशाही सुरू झालेली असते." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, वाक्य निर्दोष होते. बहिणीला घेऊन जातात त्या प्रसंगात दोन-तीन पदर डोळ्यांना लागले. आणि दिवे लागून दोन मिनिटे होतात न होतात तोच कॉफीचा कप फुंकत एक बाई म्हणाल्या, "आज सकाळी वरच्या मुलीला पाहिलंत? तो राखाडी शर्ट परत होता." दुसऱ्या म्हणाल्या, "पाहिलं की. चांगला दीड तास होता आज." त्यांचे डोळे अजून ओले होते. मी हे अलंकार म्हणून लिहीत नाही. मी समोर बसलो होतो. ढोंगाला निदान स्वतःची जाणीव असते. इथे तीही नव्हती. त्या वाहकासाठी त्या खरोखर रडल्या होत्या. संकट आणि जुलूम या गोष्टी दूरच्या देशात, बर्फात, लांब ओव्हरकोट घालून घडतात, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आपल्या दिवाणखान्यात जे घडते त्याला त्या काळजी म्हणत.

संक्रांत झाली. तिळगूळ देतानाही हाच विषय. आणि मग विशेष सर्वसाधारण सभा लागली. विषयपत्रिकेवर होता पाण्याच्या टाकीचा गळका पाइप. पाइप संपल्यावर जोगळेकर म्हणाले, "आता आयत्या वेळचा एक विषय. वरच्या मजल्यावरची सदनिका रिकामी करून घेण्याबाबत मालकांना कळवावं, असा ठराव मी मांडतो."

मी उभा राहिलो. "विषयपत्रिकेवर नसलेला विषय विशेष सभेत घेता येत नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे."

"गायकवाडसाहेब, कायदा कायद्याच्या जागी. सोसायटी म्हणजे एक कुटुंब असतं."

"बरं. मग या कुटुंबातल्या कोणी त्या मुलीला आजवर चहाला बोलावलं?"

"ती कुठे सभासद आहे?"

"म्हणजे हाकलायला कुटुंब आणि चहाला सभासद."

मागून कोणीतरी हसले. जोगळेकरांचा स्वर चढला. "आमच्या घरांत वाढत्या वयाच्या मुली आहेत. त्यांच्यासमोर रोज सकाळी हे दृश्य..."

"दृश्य तिने दाखवलेलं नाही. ते तुम्ही केबलवर सोडलंय. मुलींची काळजी असेल तर चॅनल बंद करा. ते समितीच्या हातात आहे. ठराव घेतलात तर उद्या सकाळी निबंधकांकडे माझा अर्ज असेल, आणि पाइपचा ठरावही त्याच्याबरोबर लटकेल."

पाइपचे नाव काढताच सभा माझ्या बाजूला आली. वरच्या मजल्याला पाणी येत नव्हते. विषय वगळण्यात आला. चॅनलविषयी 'पुढे पाहू' असे ठरले. जिच्याबद्दल हे सारे चालले होते ती सभेत नव्हती, कारण भाडेकरूला सभेत बसता येत नाही. हा नियम मला तोंडपाठ आहे आणि त्या दिवशी प्रथमच तो मला लाजिरवाणा वाटला.

तरीही मी जिने चढताना तरुण झालो होतो. प्रणिताचे दार वाजवून सांगितले, "ठराव बारगळला. तुम्हाला इथून कोणी हलवू शकत नाही. करार संपेपर्यंत तर मुळीच नाही."

"थँक्यू काका," ती म्हणाली. "पण मी कात्रजला एक फ्लॅट बघितलाय. टोकन दिलं."

"अहो, पण आपण जिंकलो आहोत."

"तुम्ही जिंकलात काका. खरंच, इतकं कुणी करत नाही. पण मला रोज घरी यायचंय. आता मी कॅबमधून उतरले की मान खाली घालून पळत येते. परवा पळताना ठेचकाळले, तर पहिला विचार काय आला माहितीये? की आता हेही सगळ्यांनी बघितलं."

मी कायद्यातले काहीतरी बोलू लागलो. तिने ते अखेरपर्यंत ऐकून घेतले. तिच्या ऐकून घेण्यानेच मला कळले की माझ्या पत्रांचा पल्ला फाटकापर्यंतच होता. माणसाला घरात राहण्याचा हक्क मिळवून देता येतो. घरी आल्यासारखे वाटण्याचा हक्क कोणत्या कलमाखाली मागायचा, हे मला अजून सापडलेले नाही. हल्लीच्या मुलांना तर तो हवा आहे असेही दिसत नाही. ती आपण कोठे आहोत, काय खातो आहोत हे स्वतःच होऊन जगाला कळवतात. त्यांच्याशी माझे भांडण नाही. स्वतः दार उघडणे आणि दुसऱ्याने ते काढून नेणे यांतला फरक त्यांना एक ना एक दिवस कळेल, आणि त्या दिवशी त्यांनाही पत्रे लिहावी लागतील.

ती गेली ती एका रविवारी सकाळी. थंडी ओसरू लागली होती. टेम्पो फाटकाशी उभा होता. राखाडी शर्टातला तरुण आणि टेम्पोवाला कपाट टेम्पोत चढवत होते. तो तरुण मला 'काका, जरा बाजूला' म्हणाला, एवढेच आमचे संभाषण. मी पुस्तकांची खोकी धरली. एकही दार उघडले नाही, एकही खिडकी हलली नाही. रविवार असून जिन्यात एरवीचा गलबला नव्हता. सगळी इमारत आत बसून आम्हाला पाहत होती, हे मला पाठीला जाणवत होते.

गादी राहिली होती. कापसाची, दुहेरी, अकोल्याहून आणलेली. एक टोक प्रणिताने धरले, दुसरे सुमतीने. जिना उतरल्या, पण फाटकाशी आल्यावर सुमतीचा गुडघा धरला. तिने गादी खांबाला टेकवली, पदराने कपाळ पुसले, आणि मान वर करून थेट कॅमेऱ्याकडे पाहिले. ते चॅनल मुके आहे हे तिला ठाऊक होते. म्हणून ती काही बोलली नाही. वाढपी लांबच्या पंगतीतून दुसऱ्या वाढप्याला बोलावतो तसा तिने एक हात वर केला आणि बोटांनी खूण केली : या, खाली या.

मी म्हणालो, "सुमती, पुरे."

"तुमचं पत्र लिहून झालं ना?" ती म्हणाली. "मग गप्प राहा."

मग जिन्यात सपातांचा आवाज आला. मालतीबाई खाली आल्या. घरातल्याच गाऊनवर शाल गुंडाळलेली, केस न विंचरलेले. कोणाकडे न पाहता त्यांनी सुमतीला हाताने बाजूला केले आणि गादीचे टोक उचलले.

"जड आहे काकू," प्रणिता म्हणाली.

"माहीत आहे," मालतीबाई म्हणाल्या. "तू एकटीनं वर नेलीस तेव्हा पाहिलं होतं मी."